सहाचे सात

सन एकाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर, ही सात वर्षं धावड्याच्या बौद्धवाड्यात कुणी एखादं काम लोंबकळत ठेवलं की त्याला एकच टोमणा बसायचा. "काय रे, भिवाच्या कागदावानी टांगून ठेवलं का?" पोराचं लग्न लांबलं तरी तेच, पडकी भिंत लिंपायची राहिली तरी तेच. भिवा समोर बसलेला असला तरी कुणी जीभ आवरायचं नाही. भिवा हसायचा. आतून जळायचा, पण हसायचा.

हा भिवा विहिरी खोदणारा माणूस. काळा, काटक, बोलायला कमी. पंचक्रोशीतल्या किती विहिरींच्या तळाला त्याची पहार लागली असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. आपल्याकडचा खडक फोडताना मधेच पोकळी लागते आणि आत गारगोट्या निघतात, खडीसाखरेसारख्या चमकणाऱ्या, कुठं पांढऱ्या, कुठं हिरवट. विहिरीचा मालक म्हणायचा, "ने बाबा, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" भिवा त्या धुवून पोत्यात भरायचा आणि काम नसलं की अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी नेऊन पाहुण्यांना विकायचा. मिठामिरचीचा खर्च निघायचा.

एकाहत्तर उजाडलं त्या थंडीत तिथं एक म्हातारा जपानी भिक्खू आला. बरोबर गाइड होता. भिवानं गारगोटी पुढं करायच्या आधी सवयीनं हात जोडले आणि म्हणाला, "नमो बुद्धाय." भिक्खू चालता चालता थांबला. गाइडकरवी विचारलं, हा मनुष्य बौद्ध आहे काय?

"व्हय," भिवा म्हणाला. "मी एकटा न्हाई, आमचा सगळा वाडा."

"विहार आहे का तुमचा?"

"हाये की. चार भिंती हायेत. वरती आभाळ."

गाइडनं हे तिकडच्या भाषेत सांगितलं तसा म्हातारा आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले. झोळीत हात घालून त्यानं एक मोठी नोट काढली, दोन्ही हातांत धरली आणि भिवापुढं कमरेत वाकून ती दिली. "छपरासाठी देतायत," गाइड म्हणाला. आता हे बघा, भिवाला आजवर कामाचे पैसे पुष्कळांनी दिले होते. कुणी वरून टाकले, कुणी विहिरीच्या काठावर ठेवून निघून गेलं. वाकून कुणी दिले नव्हते. भिवाला काय करावं सुचेना. तोही वाकला, आणि दोघं बराच वेळ एकमेकांपुढं तसेच वाकून उभे राहिले.

त्या संध्याकाळी अख्खा वाडा विहाराच्या चार भिंतींत जमला. नोट हातोहात फिरली. तिच्यावर एक दाढीवाला माणूस होता, डोक्यावर काळी टोपी, हातात उभी धरलेली लाकडाची पट्टी. हा कोण, यावर वाद झाला. भिवाची पोरगी बेबीनंदा तेव्हा मराठी शाळेत होती. ती म्हणाली, "त्याच्या हातात पाटी हाये. शिकलेला माणूस हाये." झालं! कुणीतरी मोठा शिकलेला भिक्खू असणार, हे सगळ्यांना बिलकुल पटलं. म्हाताऱ्या बायांनी तर नोटेला हात जोडले.

मग साहेबरावांनी आकडा वाचला. साहेबराव म्हणजे वाड्याचे पुढारी, सडकेच्या कामावर मुकादम, आणि आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या शिवारातली गुरं मान वर करायची. "एक आन त्याच्यापुढं चार शून्यं," ते म्हणाले. "दहा हजार!"

विहाराला छप्परच काय, वर माडी बांधता येईल! वाड्यातल्या जुन्या माणसांनी तिथंच बोटांवर हिशेब सुरू केला, आणि खरी गडबड झाली ती इथं. त्यांना दोन देशांच्या पैशांचा एकच हिशेब ठाऊक होता, हाली आणि कलदार. निजामाच्या राज्यात चालायचा तो हाली रुपया. इंग्रजाच्या मुलखात चालायचा तो कलदार. कलदार वजनदार, म्हणून सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे. पैसा देश बदलतो तेव्हा सातातला एक झडतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. तेव्हा जपानचे दहा हजार म्हणजे आपले साडेआठ हजार तरी पक्के. चांगले चार दिवस तो वाडा साडेआठ हजारांचा मालक होता. मनातल्या मनात कुणी बुद्धाची मूर्ती आणली, कुणी लायब्ररी काढली. भांडणंसुद्धा झाली त्यावरून.

पाचव्या दिवशी भिवा आणि साहेबराव एसटीनं जालन्याला गेले. जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत कापडाचं एक दुकान होतं. तिथं आधी दुकानदाराचा बाप हाली-कलदाराचा धंदा करायचा, म्हणून लोक अजून तिथं असल्या चौकशा घेऊन जायचे. दुकानदारानं नोट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"जपानचा कागद हाये," तो म्हणाला. "एकशे वीस देतो."

साहेबरावांचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. "एकशे वीस? डोळे हायेत का गुंड्या? दहा हजार लिवलंय त्याच्यावर!"

"लिवलं असंल," दुकानदार थान गुंडाळत म्हणाला. "त्यांच्या देशात चहाला शंभर मोजतात म्हणं. घ्यायचे तर घ्या, न्हाई तर तुमची गाडी चुकंल."

साहेबराव भिवाला बाजूला घेऊन गेले. पुढारी असले तरी माणूस व्यवहारी. "घेऊन टाकू, भिवा. चार पत्रे तरी येतील. आज एकशे वीस म्हणून राह्यला, उद्या तेबी म्हणणार न्हाई."

भिवानं मान हलवली. "न्हाई. नोट माह्या हातात दिली त्या माणसानं. मी अशी द्यायचा न्हाई."

"मंग काय घरी नेऊन पूजा घालतो?"

भिवानं नोट परत मागून घेतली. गल्ल्यामागं बसलेला तो दुकानदार, त्याचं ते नोटेला दोन बोटांनी चिमटीत धरणं आणि समोरच्या माणसाकडं न बघता आकडा सांगणं, हे सगळं भिवानं पूर्वी पाहिलं होतं. त्याला त्याची माय आठवली होती.

भिवाच्या मायचं नाव केशरबाई. भिवाला मिसरूड फुटलं तेव्हा तो घाट उतरून खानदेशात कामाला जायचा. धावडा निजामाचा आणि घाटाखालचा मुलूख इंग्रजाचा, म्हणून मजुरी मिळायची ती कलदारात. ते कमरेला बांधून तो घरी आणायचा आणि माय ते घेऊन बाजारातल्या सराफाकडं जायची. सहा कलदार द्यायची, सात हाली घ्यायची. त्या बाईला ह्याचा काय आनंद व्हायचा! "बघ रे भिवा," म्हणायची, "उभ्या उभ्या सहाचे सात झाले. तू उगीच खानदेशात राबून राह्यला!" सुरुवातीला ते बराबरच होतं, कारण गावात कलदार घेतो कोण? पण पुढं निजाम गेला, कलदार गावोगाव चालायला लागला, तरी माय बदलायची थांबली नाही. सात मिळत असताना सहा कोण ठेवील? आणि सराफ तरी कशाला नाही म्हणतोय! मरायला टेकलेला पैसा तो हसत हसत काढून द्यायचा. असे तिनं सात विसा जमवले, म्हणजे एकशे चाळीस. सगळ्या निजामाच्या कागदी नोटा. गुंडाळून बांबूच्या नळीत घातलेल्या आणि नळी आढ्याला खोचलेली. घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. तिला सागवानी दार पाहिजे होतं, आतून कडी लावता येईल असं.

एकोणसाठ साली हाली कायमची बंद झाली. तशी दवंडी झाली, नाही असं नाही. पण छप्पन साली वाड्यानं धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं सोडली आणि त्यात दवंडीही सोडली. फार चांगलं केलं! पिढ्यान् पिढ्या फुकट पिटत होते. गावानं मग दुसरा कुणी माणूस धरला. तो चावडीपुढं चार टिपऱ्या मारायचा आणि घरी जाऊन झोपायचा. वाड्याकडं कशाला तंगडतोड करतोय?

माय दार ठरवायला भोकरदनच्या बाजारात गेली. सुतारानं नोटा बघून हात मागं घेतला. तिथून भिवा तिला तहसिलीतल्या खजिन्यावर घेऊन गेला. कारकुनानं नळीतल्या नोटा पुरत्या बाहेरसुद्धा काढल्या नाहीत. "बाई," म्हणाला, "हे आता चालत न्हाई."

केशरबाई रडली नाही की भांडली नाही. नळी पदराखाली धरून घरी आली. पण त्यानंतर तिनं हातात पैसा म्हणून धरला नाही. मजुरी मिळाली की सरळ सुनेच्या ओंजळीत टाकायची. "तूच ठेव गिरिजा. मला ठेवता येत न्हाई. मी मूर्ख बाई." चार वर्षांनी गेली, तर जाण्याआधीही तेच बोलली, मी मूर्ख बाई. भिवानं पुढं घराला दार बसवलं, सागवानीच बसवलं. त्या दाराची कडी दर रात्री तो स्वतः लावायचा, दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही.

तर असा तो जुन्या जालन्याच्या गल्लीतून नोट घेऊन परत आला. वाड्यानं आधी त्याची पाठ थोपटली, पण ती फार दिवस टिकली नाही. शाळेच्या गुरुजींनी कुठूनसं विचारून आणलं आणि सांगितलं, "अहो, येन फार बारीक असतो. दहा हजार येन म्हणजे आपले दोनशेच्या आसपास." साडेआठ हजारांचे दोनशे! दुकानदार लबाड होता, पण वाड्याला वाटला होता तेवढा नव्हता. साहेबरावांनी कपाळावर हात मारला. भिवा पुन्हा जालन्याला निघायचा, पण कधी विहीर अर्धी असायची, कधी गाडीभाडं नसायचं. तो गेला तेव्हा वर्ष सरत आलं होतं आणि लढाई लागली होती. दिव्यांना काळे कागद लागले होते. "आता परदेशी कागदाला कोण हात लावतो, बाबा?" दुकानदार म्हणाला. भोकरदनच्या बँकेत विचारलं, तर तिथं म्हणाले, आमच्याकडं हे होत नाही.

"हातचे एकशे वीस घालवले ह्यानं," साहेबराव चारचौघांत म्हणाले. "मायवर गेलाय. ठेवायचं तेव्हा बदलायचं आन बदलायचं तेव्हा ठेवायचं."

हे मात्र भिवाला लागलं. त्याला काही म्हणा हो, मायला कशाला मधे आणता! त्यानं स्वतःच्या पैशानं काचेची चौकट करून आणली, नोट तिच्यात बसवली आणि विहारात लावली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोवर तेवढं तुराट्यांचं छत होतं, त्याच छताखाली, जरा खालच्या अंगाला. पावसाळा आला की तिन्ही चौकटी भिवाच्या घरी मुक्कामाला यायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि छपराचं नाव कुणी काढलं नाही. भिवा मात्र जिथं तिथं विहिरीच खोदत होता. पंचाहत्तर साली आणीबाणी लागली तेव्हा कुणीतरी पिल्लू सोडलं की परदेशी नोट बाळगणाऱ्याला पोलीस उचलून नेतात. वाडा घाबरला. आता दिलेलं दान फाडायचं तर नाही! मग साहेबरावांनी तोड काढली. चौकट होती तिथंच ठेवायची, फक्त तोंड भिंतीकडं करायचं. दोन वर्षं तो दाढीवाला शिकलेला माणूस भिंतीकडं तोंड करून शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा होता. म्हाताऱ्या बाया चौकटीच्या पाठीलाच हात जोडायच्या.

अठ्ठ्याहत्तर साली बेबीनंदा मॅट्रिक झाली. वाड्यातली पहिली पोरगी. भिवानं पेढे वाटले, आणि पेढे संपल्यावर तोच प्रश्न उभा राहिला की आता काय? गिरिजाबाई तिला खुरपायला नेत होती. मॅट्रिक झालेली पोरगी बांधावर पुस्तक ठेवून कापूस वेचताना बघून भिवाचा जीव तुटायचा. दिवाळीनंतर पंचायत समितीचे एक साहेब गावात आले. म्हणाले, तुमच्या वाड्यात बालवाडी देता येईल, शिकवायला तुमचीच मुलगी घेता येईल, पण जागा छपराची पाहिजे. उघड्यावर पोरं बसवून चालणार नाही. महिन्याभरात पत्रे पडले तर ठीक, नाहीतर बालवाडी दुसऱ्या गावाला जाईल.

वाड्यानं वर्गणी काढली. लाकूड झालं, मजुरी तर घरचीच. पत्र्यांपाशी गाडी अडली. सगळ्यांनी खिसे उलटे करून झाले होते. बैठकीत कुणी कुणाकडं बघेना. तेव्हा भिवा उठला आणि चौकटीकडं बोट दाखवून म्हणाला, "ती नेतो."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. साहेबराव हसले नाहीत. "सात वर्षं झाली, भिवा. सगळं महाग झालं, म्हणजे पैसा तेवढा कुजला. दोनशेचे आता साठ-सत्तर आले तर नशीब."

"येतील तेवढे येतील."

"मंग मीबी येतो. मागच्या खेपेला मीच होतो बराबर."

रात्री गिरिजाबाईनं नोट रुमालात बांधून दिली. बांधता बांधता म्हणाली, "आवं, तिथंबी चालत न्हाई म्हणले तर?" भिवाला हेच नको होतं. "म्हणले तर म्हणले," असं तो म्हणाला खरा, पण त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कमी येतील ह्याचं भय नव्हतं त्याला. 'चालत न्हाई', तो एकच शब्द पुन्हा ऐकावा लागेल ह्याचं भय होतं. माय गेली त्या शब्दापायी, आता पोरीचंही त्याच शब्दापायी अडणार, आणि लोक म्हणणार, मायवर गेलाय.

बेबीनंदा दारात उभी होती. "बा, न्हाई झालं तरी तुम्ही वंगाळ वाटून घेऊ नका. मी खुरपायला जाईन."

"तू जाणार न्हाईस," भिवा म्हणाला. एवढंच.

ह्या वेळी ते दुकानात गेले नाहीत. जालन्याच्या मोठ्या बँकेत गेले. तिथले साहेब तरुण होते, बाहीची गुंडी तुटलेली, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी रुमालातली नोट बघितली आणि कपाळाला आठी घातली. "कुठून आणली?"

भिवानं सगळं सांगितलं. गारगोट्या, भिक्खू, वाकणं, एकशे वीस, चौकट.

"एवढी वर्षं जवळ ठेवायला नको होती बाबा. कायदा आहे."

"लपवून नव्हती ठेवली साहेब," साहेबराव पुढं झाले. "भिंतीवर टांगली होती. फौजदार आला असता तरी त्यालाबी दर्शन झालं असतं."

साहेबांना हसू आलं. त्यांनी एक अर्ज लिहून घेतला, विहाराला मिळालेलं दान म्हणून. खाली भिवानं सही केली, बेबीनंदानं शिकवलेली, प्रत्येक अक्षर वेगळं बसलेलं. मग साहेबांनी औरंगाबादच्या शाखेला फोन लावायला घेतला. तिथं पर्यटक उतरतात, तिथं रोजचा भाव असतो. फोन लागेना. दोघं बाकावर बसून राहिले. साहेबराव तंबाखू मळत होते. भिवा नोटेच्या रिकाम्या रुमालाची घडी घालत होता, उलगडत होता.

दुपार कलली तेव्हा साहेबांनी हाक मारली. "हे धावडेकर! या."

भिवा उठला. काउंटरपर्यंतचं अंतर त्याला विहिरीच्या तळातून वर येण्यासारखं वाटलं.

"चारशे अकरा रुपये होतात," साहेब म्हणाले.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

"कमी वाटतात का?"

"चारशे?" साहेबरावांचा आवाज पहिल्यांदाच बसला होता. "साहेब, दोनशे होते हो!"

"एकाहत्तरला होते. तेव्हा येन स्वस्त होता. मधल्या काळात जपाननं मोटारी काय, रेडिओ काय, सगळ्या जगाला विकले. सगळ्यांना त्यांचा पैसा पाहिजे, म्हणून भाव चढला. नोट तीच. तुमच्या भिंतीवर लटकल्या लटकल्या दुप्पट झाली."

साहेबरावांनी भिवाच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो काउंटरवर आपटला. "अरे लेका! शेठ निघालास की तू! सात वर्षं शिव्या खाल्ल्या, पण धीर सोडला न्हाई! काय डोकं हाये!"

"डोकं कसलं?" साहेब शिक्का मारता मारता सहज म्हणाले. "ह्यात ह्यांचं काही कर्तृत्व नाही. ह्यांनी नुसती ठेवली. ठेवणाऱ्याच्या हातात काय असतं? पैसा चढला तर चढला, बुडाला तर बुडाला."

भिवा पैसे घेत होता, तो थांबला.

"काय म्हणले, साहेब?"

साहेबांना वाटलं, म्हातारा रागावला. "तसं नव्हे बाबा. एवढंच म्हटलं की ह्यात तुमची हुशारी नाही."

"म्हंजी बुडाला असता, तर मूर्खपणाबी नसता?"

"कसला मूर्खपणा? तुम्हाला काय ठाऊक जपानचं?"

भिवा तिथं उभ्या उभ्या रडायला लागला. चांगला पन्नाशी उलटलेला माणूस, बँकेत, सगळ्यांसमोर. साहेबांनी घाईघाईनं पाण्याचा गिलास पुढं केला. साहेबरावांना वाटलं आनंद झाला असेल. आनंद झालाच होता, पण ते रडू आनंदाचं नव्हतं. नोट ठेवून तो हुशार ठरला नव्हता, तर नोटा ठेवून त्याची माय मूर्ख कशी ठरते? तिनंही नुसत्या ठेवल्या होत्या. एवढं साधं! आणि हे तिला सांगायला तेव्हा खजिन्यावर कुणी नव्हतं. पोटचा पोरगा शेजारी उभा होता, त्यालाही सांगता आलं नव्हतं, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. हे ओझं तो इतकी वर्षं वाहत होता आणि एका गुंडी तुटलेल्या साहेबानं शिक्का मारता मारता ते उतरवलं.

पत्रे त्यांनी त्याच दिवशी जालन्यात घेतले आणि भोकरदनवरून धावड्याकडं जाणाऱ्या ट्रकवर टाकले. दोघं पत्र्यांवर बसूनच आले. वाड्यात ट्रक शिरला तेव्हा पोरं मागं धावली. बेबीनंदा घरातून बाहेर आली, पत्रे बघितले, मग बापाचे सुजलेले डोळे बघितले आणि घाबरून म्हणाली, "बा, काय झालं?"

"काय न्हाई," भिवा म्हणाला. "उद्यापासून खुरपं माळ्यावर टाक."

पंधरा दिवसांत छप्पर चढलं. पंचायत समितीचे साहेब येऊन बघून गेले, पत्र्यावर काठी वाजवून गेले. बालवाडी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विहार झाडून, सारवून झाला. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो पुसून वर चढवला. खाली भिवाची रिकामी चौकट पडली होती. साहेबराव म्हणाले, घेऊन जा घरी, तुझी तुला.

भिवा घरी गेला खरा, पण परत आला तो हातात चौकट आणि हातोडी घेऊन. चौकटीत काहीतरी होतं. साहेबरावांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "हे काय लावून राह्यला रे? निजामाचा कागद? विहारात? डोकं फिरलं का तुहं?"

नळीत गुंडाळून राहिल्यानं नोट कडेला पिवळी पडली होती. भिवानं ती हातानंच सपाट करून बसवली होती.

"विहारात नका म्हणू," भिवा म्हणाला. "बुद्धाजवळ न्हाई लावत. बालवाडीची पोरं बसतील त्या बाजूला लावतो."

"पण काहून? ह्याची किंमत काय आता?"

"साहेबराव, माह्या मायचा फोटो न्हाई. कव्हा काढलाच न्हाई. तिच्या हातचं म्हणून एवढंच हाये घरात." भिवाला एवढं एका दमात बोलायची सवय नव्हती, तो श्वास घ्यायला थांबला. "ती मूर्ख म्हणून मेली. तिला कुणी तारीख सांगितली न्हाई, एवढंच झालं होतं. आता हितं पोरं शिकणार हायेत. त्यांना तरी कुणी सांगायचं राहू नये."

केशरबाईच्या हातची भाकरी साहेबरावांनी लहानपणी खाल्लेली होती, आणि सात वर्षांपूर्वी चारचौघांत आपण काय बोललो तेही त्यांना आठवत असणार. भिवानं भिंतीवर खिळा टेकवला. साहेबरावांनी पुढं होऊन त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"हितं नको," ते म्हणाले. "जरा वर घे. पोरांचे हात पोचतील."

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली वीसेक पोरं बसली. बेबीनंदा नवं लुगडं नेसून उभी होती आणि भिवा काही काम नसताना दाराबाहेर घोटाळत होता. पहिल्याच रांगेतल्या एका शेंबड्या पोरीनं चौकटीकडं बोट दाखवलं.

"बाई, ते काय हाये?"

बेबीनंदानं चौकटीकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं.

"ती माझी आजी," ती म्हणाली. "तिची गोष्ट सांगते, बसा सगळे."

भिवा बाहेर, भिंतीला पाठ लावून ऐकायला बसला.